ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर 'लेटेस्ट' कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत विंडोज १० वरचा लेख वाचला. चांगला होता. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याचे अपडेट थांबले म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणार असं नाही, हे कुणीतरी साध्या भाषेत सांगितलं ते बरं झालं, आमच्याकडे तर बऱ्याच जणांना वाटत होतं की १५ तारखेला सकाळी स्क्रीन काळी होणार. विंडोज ११ चालत नाही अशा जुन्या मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम, टाका हा सल्लाही पटला. पण शेवटच्या चौकटीत एक वाक्य आहे की लिनक्स टाकताना नेहमी सगळ्यात नवीन आवृत्तीच घ्या, ते वाचून मात्र राहवेना म्हणून हे पत्र. जरा लांबेल, तुम्हाला कापायचं तिथे कापा.

मी इंजिनियर वगैरे नाही. कराडात डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, बारशाची कार्डं, आणि गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातले चार कॉम्प्युटर गेली नऊ-दहा वर्षं मीच बघतो, पैसे नाहीत, चहा असतो. चारही मशीन कुणी ना कुणी देणगी दिलेली, म्हणजे त्यांच्या ऑफिसात नकोशी झालेली. त्यावर काम काय तर सभासदांची यादी, पुस्तकांची देवघेव, पावत्या छापणे, आणि पोरं स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरतात ते. बस. यात लेटेस्ट असं काय लागतं सांगा.

आता २०२४ च्या दिवाळीची गोष्ट. माझा पुतण्या पुण्याला इंजिनियरिंगला आहे, हुशार आहे, मे महिन्यात सुट्टीला आला तेव्हा म्हणाला काका तुमचं हे काय जुनंपुराणं चाललंय, मी मस्त सेटअप करून देतो. आणि त्याने काउंटरवरच्या मशीनवर एक रोलिंग प्रकारचं लिनक्स टाकलं. रोलिंग म्हणजे त्याला आवृत्ती नंबरच नसतो, नवीन काही आलं की लगेच तुमच्यापर्यंत, नळाचं पाणी आल्यासारखं चालूच. नाव घेत नाही कारण त्या लिनक्सची चूक नव्हती, मी स्वतः नंतर घरी वापरून बघितलं, उत्तम आहे. मशीन पळायला लागलं, दिसायलाही देखणं, सगळे खूश. पोरगं परत पुण्याला गेलं. नंतर पाच महिने त्या मशीनला कुणी हात लावला नाही, म्हणजे वापरलं रोज, पण अपडेट कुणी मारणार? मला वाटलं ते आपोआप होत असेल.

दिवाळीला तो आला, आणि दिवाळी अंक योजनेचं वाटप ज्या दिवशी सुरू होतं त्याच दिवशी सकाळी नऊ वाजता त्याला आठवलं की अपडेट राहिलंय. बसला आणि मारलं. आधी तर पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, घेईचना, कारण मधल्या काळात पॅकेजवर सही करणाऱ्यांच्या डिजिटल किल्ल्या बदललेल्या आणि आमच्या मशीनवर जुन्याच, त्यामुळे ते म्हणतंय की ही सही कुणाची मला माहीत नाही. त्याने नेटवर बघून ते सोडवलं, पाच महिन्यांचं सगळं एकदम उतरवलं, रीस्टार्ट केलं. चालू तर झालं. डेस्कटॉपचा चेहरा बदललेला, ते एक वेळ चाललं असतं, पण ग्रंथपाल बाई पहिल्या सभासदाचं आडनाव टाइप करायला गेल्या आणि मराठी उमटेना. कीबोर्ड बदलायची जी बटणं त्यांच्या हाताला बसलेली ती दाबली की काहीच होईना. "अहो भाऊ, हे मराठी कुठं गेलं?" बाहेर पंधरा-वीस जण रांगेत, प्रत्येकाला आपला ठरलेला अंक पहिला हवा. तेवढ्यात कळलं की प्रिंटरही ओळखत नाहीये, तो जुना लेझर, कंपनीने त्याचा ड्रायव्हर कधीच वाऱ्यावर सोडलाय, मी कसाबसा बसवला होता, नवीन सिस्टिमने तो काही घेतला नाही. शेवटी बाईंनी कपाटातून जुनं लाल कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं, पेनाने नोंदी केल्या, पावत्या हाताने फाडल्या, आणि दोन दिवस तसंच चाललं. पुतण्या बिचारा तिथेच खाली मान घालून टाइप करत बसलेला, फराळाला पण घरी आला नाही.

त्याला मी रागावलो नाही, कारण चूक माझीच, मी विचारलंच नाही की हे सांभाळणार कोण. रोलिंगवाल्या सिस्टिमचा नियमच असा आहे की आठवड्या-पंधरा दिवसांनी अपडेट मारा, आणि मारायच्या आधी त्यांच्या साइटवरची सूचना वाचा, यावेळी हाताने काही करायचंय का ते. त्याच्या लॅपटॉपवर तो ते करतो, त्याला त्यात मजा येते. आमच्या काउंटरवर ते कुणी करणार नाही, आणि त्यात बाईंचा काही दोष नाही, त्यांचं काम पुस्तकं सांभाळायचं.

नंतर मी तिथे डेबियन नावाच्या लिनक्सची १२ वी आवृत्ती टाकली. तिचं टोपणनाव बुकवर्म, म्हणजे पुस्तकं खाणारी कसर. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या भाऊ, ग्रंथालयात कसर काढता काढता जन्म गेला आणि तुम्ही मुद्दाम आणून सोडली होय. पण ते डेबियन त्या दिवसापासून जसंच्या तसं आहे. बटणं तीच, मेनू तोच, प्रिंटर एकदा बसवला तो बसला.

आता मुद्द्यावर येतो. 'स्टेबल' या शब्दाचा घोटाळा आहे सगळा. लोकांना वाटतं स्टेबल म्हणजे न बिघडणारं. तसं नाहीये. स्टेबल म्हणजे न बदलणारं. डेबियनमध्ये हे नीट बघायला मिळतं. नवीन सॉफ्टवेअर पहिल्यांदा जातं 'अनस्टेबल'मध्ये, त्याचं कायमचं नाव सिड, एका ॲनिमेशन सिनेमातलं शेजारचं खेळणी मोडणारं पोरगं आहे त्याच्यावरून. तिथे दोन ते दहा दिवस काही मोठं बोंबललं नाही तर ते 'टेस्टिंग'मध्ये येतं. मग साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, म्हणजे नवीन काही आत घेत नाहीत, फक्त चुका दुरुस्त करत बसतात काही महिने, आणि त्यातून पुढचं स्टेबल निघतं. बुकवर्म जून २०२३ मध्ये निघालं, त्यानंतरचं ट्रिक्सी, म्हणजे डेबियन १३, ऑगस्ट २०२५ मध्ये. एकदा निघालं की आतल्या सॉफ्टवेअरचे नंबर जवळपास तिथेच थांबतात. सुरक्षेची भोकं मात्र बुजवत राहतात, ती कशी तर नवीन आवृत्तीतली तेवढीच दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीला ठिगळ लावायचं. म्हणून डेबियनवर कधी पॅकेजचा नंबर बघितलात तर जुना दिसेल आणि पुढे शेपूट असेल, 'डेब१२यू३' असं काहीतरी, तो ठिगळाचा नंबर. एकदा आमच्या मशीनवरचे नंबर बघून एकजण म्हणाला हे तर दोन वर्षं जुनं आहे, धोकादायक आहे. त्याला ते शेपूट दाखवावं लागलं.

आणि जुनं वेगळं, स्टेबल वेगळं, हेही सांगतो नाहीतर कुणी म्हणेल मग जुनं विंडोज एक्सपी काय वाईट होतं. माझ्या दुकानात अजून एक एक्सपीचं मशीन आहे, खोटं कशाला बोलू, पेजमेकर आणि युनिकोडच्या आधीचे फॉन्ट, पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका त्यात पडल्यात, पार्टी येते आणि म्हणते थोरल्याच्या लग्नाची होती तशीच काढा. पण एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर ठिगळं बंद आहेत. ते स्टेबल नाही, ते थिजलेलं आहे. म्हणून त्याची नेटची वायर मी काढून टाकलीये, पेनड्राइव्हसुद्धा सहसा लावत नाही. स्टेबल म्हणायचं तर मागे कुणीतरी जागं पाहिजे.

तुमच्या चौकटीत बहुतेक उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असावं, कारण नवीन माणूस तिथेच जातो. तर त्याचे नंबर कसे वाचायचे ते तुमच्या वाचकांना कळलं पाहिजे. पहिला आकडा वर्ष, दुसरा महिना. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, २५.१० म्हणजे २०२५ चा ऑक्टोबर. आता आपल्या माणसाला २५.१० मोठं दिसतं, साहजिक आहे, मोबाईलचं कसं १४ पेक्षा १५ भारी. पण दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये जी येते ती एलटीएस, म्हणजे लांब पल्ल्याची, तिला पाच वर्षं अपडेट मिळतात, म्हणजे २४.०४ ला २०२९ पर्यंत. मधल्या ज्या येतात त्यांना फक्त नऊ महिने. २५.१० चे अपडेट जुलै २०२६ पर्यंतच! तुमचा सल्ला ऐकून एखाद्या शाळेतल्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीत वीस मशीनवर २५.१० टाकलं तर पुढची शाळा सुरू होऊन जरा रुळतेय तोवर ते संपलेलं असणार, परत वीस मशीन. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर आहेत, त्यांनी आपली स्वतःची आवृत्ती उबुंटूच्या एलटीएसवरच बेतली, ते काय उगाच नाही.

आणि २५.१० चीच एक गंमत सांगतो. त्यात त्यांनी जुन्या काळापासून चालत आलेल्या छोट्या छोट्या कमांड काढून रस्ट नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिलेल्या बसवल्या. हेतू चांगला, सुरक्षा वाढते. पण त्यातली एक साधी 'डेट' कमांड, तिला एखाद्या फाइलची तारीख विचारली की ती फाइलची न सांगता आत्ताची वेळ सांगायची. आता आतमध्ये अपडेट कधी तपासलं होतं हे त्याच तारखेवरून ठरतं. मशीनला वाटायचं आत्ताच तर तपासलंय, मग काही मशीनवर आपोआप अपडेट तपासणंच थांबलं. म्हणजे दुरुस्ती आणणारा माणूसच रस्त्यात अडकला. त्यांनी लगेच दुरुस्त केलं, जाहीरही केलं, लपवलं नाही. आणि खरं तर मधल्या आवृत्त्या असतातच यासाठी, एप्रिल २०२६ च्या २६.०४ एलटीएसमध्ये ही असली खोट राहू नये म्हणून. पण मग ते तपासून बघायचं काम आमच्या ग्रंथपाल बाईंनी का करायचं?

इथपर्यंत वाचून वाटेल हा माणूस नव्याच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. आपल्यात म्हण आहे ना, पुढच्यास ठेच मागचा शहाणा. मागचा शहाणा व्हायला पुढे कुणीतरी चालणारा लागतो. मार्च २०२४ मध्ये जे झालं ते तर सगळ्यांनी वाचावं असं आहे. आंद्रेस फ्रॉइंड म्हणून एक जण, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करतो. तो डेबियनच्या त्या सिडवर वेगाची मोजमापं करत होता आणि त्याला दिसलं की दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण म्हणालो असतो नेट स्लो असेल. हा मागे लागला, खणत गेला, आणि सापडलं काय तर एक्सझेड नावाची फाइल दाबून लहान करणारी एक साधी लायब्ररी, तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला. जिया टॅन या नावाने वावरणारा, दोनेक वर्षं इमानदारीत काम करून विश्वास कमावलेला आणि मग आतून कडी काढलेली. २९ मार्चला फ्रॉइंडने सगळ्यांना सांगितलं. ताजं ताजं वापरणाऱ्यांच्या मशीनवर ते तोवर पोचलं होतं, सिड, टेस्टिंग, फेडोरा नावाच्या दुसऱ्या लिनक्सची प्रायोगिक शाखा, असे बरेच. उबुंटू २४.०४ चं बीटा, म्हणजे आधीची चाचणी आवृत्ती, तीसुद्धा त्यामुळे आठवडाभर पुढे ढकलली. आणि डेबियन स्टेबलवर काय होतं? ५.४. आमच्या ग्रंथालयातल्यासारख्या मशीनना धक्काही नाही, कुणाला कळलंही नाही.

म्हणजे स्टेबलवाले वाचले ते जुनं होतं म्हणून, हे खरं. पण ते पकडलं कुणी, सिड वापरणाऱ्याने. सगळेच स्टेबलवर बसून राहिले असते तर दीड-दोन वर्षांनी तेच एक्सझेड शांतपणे स्टेबलमध्ये येऊन बसलं असतं. म्हणून पुतण्याला मी सांगितलंय, बाबा तू तुझ्या लॅपटॉपवर पाहिजे ते रोलिंग टाक, बिघडलं की जिथे कळवायचं तिथे कळव, तेही एक काम आहे, फक्त ग्रंथालयाच्या काउंटरवर नको.

स्टेबलवाल्यांनीही फार कॉलर ताठ करू नये. २००६ मध्ये डेबियनमध्येच ओपनएसएसएल या डिजिटल किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कोडमधून एक इशारा येतो म्हणून नको ती ओळ काढली गेली, आणि त्यामुळे किल्ल्या बनवताना जो यादृच्छिकपणा लागतो तोच गेला, एका प्रकारच्या जेमतेम ३२,७६८ किल्ल्या शक्य राहिल्या, बसून मोजता येतील इतक्या. ते स्टेबलमध्ये गेलं आणि मे २००८ पर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. तेव्हा जगभर लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. न बदलणारी गोष्ट चुकीची असेल तर ती चूकही तशीच टिकते.

आणि नवीन मशीन घेतलं असेल तर गणित उलटं होतं हेही मान्य करतो. बहिणीच्या मुलीने २०२४ मध्ये नवा लॅपटॉप घेतला, मी आपला हौसेने त्यावर बुकवर्म टाकलं, तर वायफायच दिसेना. कारण बुकवर्मचं कर्नल, म्हणजे हार्डवेअर ओळखणारा सिस्टिमचा गाभा, ६.१, त्या चिपचा जन्मच नंतरचा. तासभर मोबाईलची केबल लावून खटपट केली, ती म्हणाली मामा राहू दे, मला उद्या सबमिशन आहे. शेवटी बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्टेबलसाठी नवीन सॉफ्टवेअर वेगळं ठेवतात तिथून, नवीन कर्नल घातलं तेव्हा चाललं. बाकी सगळं स्टेबल आणि कर्नल तेवढं ताजं. ट्रिक्सीत ६.१२ आहे, तिथे ती अडचण आली नसती. अशा माणसाला फेडोरा सांगितलं असतं तरी चाललं असतं, दर सहा महिन्यांनी नवीन येतं, एकेक आवृत्ती तेरा महिने चालते, पण मग वर्षातून एकदा तरी अपग्रेड करायची तयारी ठेवायची.

मी आता कुणी विचारायला आलं की आधी मशीन कितवं, रॅम किती असलं काही विचारत नाही. विचारतो की हे बिघडलं तर त्याच्यापुढे कोण बसलेलं असेल, आणि तेव्हा मागे रांग असेल का. तो स्वतः बसणार असेल आणि रांग नसेल तर त्याने खुशाल काहीही टाकावं. दवाखान्याचं काउंटर, दुकानाचं बिलिंग, शाळेची लॅब, ग्रंथालय, इथे रांग असते. घरी आईबाबांना दिलेल्या मशीनला रांग नसते पण मुलगा बेंगळुरूला नाहीतर दुबईला असतो आणि व्हिडिओ कॉलवर मेनू कुठे गेला ते शोधायचं असतं, ते रांगेपेक्षा वाईट.

तर संपादक साहेब, तुमच्या पुरवणीकडून एकच मागणं. पुढच्या वेळी अशी चौकट छापाल तेव्हा प्रत्येक आवृत्तीच्या नावापुढे एक तारीख छापा, तिचे अपडेट कधी बंद होणार ती. विंडोज १० च्या वेळी ती तारीख कुणी आधी ठळक छापली असती तर आमच्याकडे ऐनवेळी एवढी धावपळ झाली नसती. आणि लेखाच्या ऑनलाइन प्रतीत ते 'नेहमी सगळ्यात नवीन' वाक्य अजून आहे, ते जमलं तर बदला, कारण लोक कात्रण काढून माझ्या दुकानात घेऊन येतायत आणि मला प्रत्येकाला हे सगळं परत सांगावं लागतंय, हातातली लग्नपत्रिका तशीच राहते.

आमच्या ग्रंथालयात ट्रिक्सी कधी टाकणार असं पुतण्या विचारतोय. मार्चअखेर पुस्तकांची मोजदाद असते, दोन दिवस ग्रंथालय बंद असतं, रांग नाही, तेव्हा तीन मशीनवर टाकू. चौथं ३२ बिटचं, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्रोसेसरचं आहे, डेबियन १३ मध्ये त्याच्यासाठी इन्स्टॉलरही ठेवला नाही आणि कर्नलही नाही, ते बुकवर्मवर जितके दिवस ठिगळं येतील तितके दिवस चालेल. त्या दिवशी आधी पेनड्राइव्हवरून चालवून प्रिंटर आणि मराठीची बटणं बघायची, मग टाकायचं. बाईंनी लाल रजिस्टर मात्र कपाटात परत ठेवलं नाहीये, काउंटरच्या खणातच आहे.

आपला,
डीटीपीवाला एक वाचक,
कराड, जि. सातारा